पापलेटची पिल्ले आणि आपण

आष्टीसारख्या भागातील भाविकांना मासे ठाऊक ते बहुधा सुक्या बोंबलापुरतेच; तरीही किनाऱ्यावरील आपल्या कोळी बांधवांचा प्रश्न आपण समजून घ्यावा. बोंबील व जवळ्यासाठी लावलेल्या डोल जाळ्याच्या बारीक आसांत पापलेटची पिल्लेही सापडतात, अंडी घालण्यापूर्वीच मरतात. २०२३ मध्ये राज्य शासनाने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ परिपत्रकात अशाच वाया जाणाऱ्या मासळीकडे लक्ष वेधले होते. मात्र मेलेले पिल्लू समुद्रात परत टाकल्याने जगत नाही. म्हणून आम्हांस लांबीच्या नियमापेक्षा मोठ्या आसाचे जाळे महत्त्वाचे वाटते. त्यातून बारीक मासळी निसटते, छोट्या होडीवाल्याची कमाई घटते. तो भार त्याच्या एकट्याच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे.