गच्चीवरची माती, हातातला रोजगार

बागकामात करिअर करायचं तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची चार वर्षांची उद्यानविद्या पदवी हा भक्कम पाया. पण अंधेरी-मुलुंडच्या टॉवरांत खरी परीक्षा स्लॅबवरच्या बागेत होते. तिथे मातीचा थर पातळ. पावसाळ्यात पाणी साचलं की मुळं कुजतात, खाली गळती सुरू होते. म्हणून निचरा, वॉटरप्रूफिंग, मातीचं वजन आणि कोकोपीटचं प्रमाण यांची जाण झाडांच्या नावांइतकीच हवी. कायदाही माहीत हवा: १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार सोसायटीच्या आवारातलं झाड तोडायलाही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. नवख्याने आधी एक अख्खा पावसाळा रोपवाटिकेत राबावं, असं मला मनापासून वाटतं. कलम बांधणं, कीड ओळखणं हे तिथेच हाताला लागतं.