दहावीनंतरची वाट
दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न निघतो : मुलाला कोणत्या शाखेत घालायचे? त्याचा कल कशाकडे आहे, हे क्वचितच विचारले जाते. बडोदेकरांनी तरी हाताच्या विद्येला कमी लेखू नये. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये येथेच कलाभवन स्थापिले. त्रिभुवनदास गज्जरांच्या देखरेखीखाली कलाकौशल्याचे शास्त्रोक्त शिक्षण देशी भाषेतून मिळू लागले. दादासाहेब फाळके तेथलेच विद्यार्थी. आजही दहावीनंतर आयटीआय वा पदविकेचा मार्ग खुला आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कारखान्यात शिकताना विद्यावेतन मिळते. पदविकाधारकास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशही मिळू शकतो. तेव्हा पालकांनी मुलामुलींना सुटीत एखादी कार्यशाळा दाखवावी, त्यांचे मन जाणून घ्यावे आणि मगच प्रवेशाचा अर्ज भरावा.