डांग्या खोकल्याची पीसीआर चाचणी

डांग्या खोकल्याची पीसीआर चाचणी ही बोर्डेटेला पर्ट्युसिस या जीवाणूचा डीएनए ओळखणारी जनुकीय चाचणी आहे. नाकाच्या मागील भागातून घेतलेल्या स्रावातील डीएनएच्या ठरावीक खंडाच्या असंख्य प्रती करून तो शोधला जातो. जीवाणू-संवर्धनास आठवडा किंवा अधिक काळ लागतो, तर हा निष्कर्ष लवकर मिळतो. म्हणून साथीत ही चाचणी उपयुक्त ठरते. खोकल्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत ती अधिक विश्वसनीय असते.

मर्यादा

चाचणीत बहुधा शोधला जाणारा आयएस४८१ हा खंड या जीवाणूत अनेक प्रतींत असतो. त्यामुळे नमुना किंचित दूषित झाला तरी निष्कर्ष होकारार्थी येऊ शकतो. हाच खंड बोर्डेटेला होल्मेसी या जीवाणूतही आढळतो.

२००६ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातील एका रुग्णालयात सुमारे एक हजार कर्मचाऱ्यांची चाचणी झाली व शंभराहून अधिक जण बाधित मानले गेले. हजारोंना लस आणि अनेकांना प्रतिजैविके देण्यात आली. मात्र संवर्धनात एकाही नमुन्यात हा जीवाणू वाढला नाही. साथ आलीच नव्हती. त्यामुळे केवळ लक्षणे असलेल्यांचीच चाचणी करावी आणि साथीची खात्री काही नमुन्यांच्या संवर्धनाने करावी, असे मानले जाते.