'इनव्हॅलिड पार्टिशन टेबल' दिसताच फॉरमॅट नको

सकाळी संगणक सुरू करावा आणि नेहमीच्या चित्राऐवजी काळ्या पडद्यावर 'इनव्हॅलिड पार्टिशन टेबल' एवढेच शब्द उमटावेत! कित्येक वर्षांची छायाचित्रे, प्राप्तिकराचे कागद, अर्धा लिहून झालेला प्रबंध असे सारे त्या डब्यात अडकलेले असते. माझ्या एका परिचितांनी अशा वेळी जवळच्या दुरुस्तीवाल्यास पाचारण केले. 'डिस्क गेली, फॉरमॅट मारावे लागेल,' असे सांगून त्याने त्याच डिस्कवर विंडोज नव्याने घातली. संगणक तासाभरात सुरू झाला. कन्येच्या लग्नाची छायाचित्रे मात्र कायमची गेली. वास्तविक डिस्क गेलेली नव्हतीच.

१९८३ साली पीसी डॉस २.० बरोबर आलेल्या पद्धतीनुसार हार्ड डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये, अवघ्या ५१२ बाइट्सच्या जागेत, सारी व्यवस्था लिहिलेली असते. पहिले ४४६ बाइट्स प्रामुख्याने संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, पुढचे ६४ चार पार्टिशनांच्या नोंदींसाठी आणि शेवटचे दोन ओळखखुणेसाठी. तलाठ्याच्या दप्तरातील सातबारा फाटला म्हणून शेत नाहीसे होत नाही. तद्वतच या ६४ बाइट्सची नोंद बिघडली तरी पुढचा मजकूर बहुधा जागच्या जागी असतो.

तो छोटा प्रोग्रॅम चारही नोंदी तपासतो. सुरुवात कोणत्या पार्टिशनवरून करायची हे दाखवणारी 'ॲक्टिव्ह' खूण एकाहून अधिक नोंदींवर आढळली, अथवा तिच्या जागी भलतेच मूल्य आढळले, की तो वरील संदेश देऊन थांबतो. 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम' हा संदेश निराळा. तेथे टेबल वाचता आलेले असते, पण निवडलेल्या पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरवर अपेक्षित ओळखखूण नसते. म्हणून पडद्यावरचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. हे फारसे कोणी करीत नाही.

प्रथम संगणकाला जोडलेले पेन ड्राइव्ह व बाहेरच्या डिस्क काढून पाहा. अनेकदा संगणक त्यांच्यावरूनच सुरू होण्याचा प्रयत्न करीत असतो. मग बायोसमध्ये जाऊन मूळ डिस्क दिसते का आणि घड्याळ बरोबर आहे का, ते तपासा. तारीख जुनीच दिसत असेल तर मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपला असण्याची शक्यता असते व त्याबरोबर इतर सेटिंगही बदललेली असू शकतात. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र संगणक बंद करून जाणकाराकडेच जावे.

डिस्क दिसते आणि आवाजही नाही, अशा वेळी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून आधी संपूर्ण डिस्कची प्रतिकृती दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. हे काम कंटाळवाणे खरे, पण पुढची प्रत्येक चूक त्यामुळे भरून निघते. त्यानंतर 'टेस्टडिस्क' हा मोफत प्रोग्रॅम चालवावा. ॲक्टिव्ह खुणेचाच घोळ असेल तर तो तेथे सुधारता येतो. टेबल कोरे झाले असेल तर हा प्रोग्रॅम डिस्कभर फिरून पार्टिशनांच्या आरंभखुणा शोधतो आणि यादी पुन्हा मांडून दाखवतो. त्या यादीतील फायली उघडून पाहता येतात. आपलीच फोल्डर दिसल्याखेरीज 'राइट' म्हणू नये.

विंडोजच्या दुरुस्ती साधनांतील 'बूटरेक' आणि 'फिक्सएमबीआर' ही आज्ञा पुष्कळ जण सुचवतात. ती फक्त तो छोटा प्रोग्रॅम नव्याने लिहिते. नोंदींना हात लावत नाही. त्यामुळे नोंदीच बिघडल्या असतील तर तिचा उपयोग नाही.

५१२ बाइट्सचे सेक्टर असता जुन्या पद्धतीत दोन टेराबाइटपलीकडची जागा नोंदवता येत नाही. नव्या संगणकांवर त्यामुळे जीपीटी पद्धत असते. तिच्यात नोंदींची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. ती शाबूत असेल तर 'जीडिस्क'सारखा प्रोग्रॅम तिच्यावरून पहिली पुन्हा लिहून देतो.