मूकपट आणि रानांतली मुले

बोलपट आला आणि मूकपट मेला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु २०१२ साली पाब्लो बर्गर या स्पॅनिश दिग्दर्शकाने ‘ब्लांकानिएव्हेस’ हा कृष्णधवल मूकपट काढून ग्रिमबंधूंच्या हिमगौरीस बैलाशी झुंजणाऱ्या वीराची कन्या केले. (आमचा शंकरपट त्यापेक्षा पुष्कळ सौम्य!)

आम्हांस मात्र त्यावरून दादासाहेब फाळक्यांचे ‘कालियामर्दन’ (१९१९) आठवले. त्यात बालकृष्ण झाली ती त्यांचीच कन्या मंदाकिनी. आरंभी ती चिमुरडी केवळ मुद्रेने नाना भाव दाखविते आणि पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. मधल्या पाट्या न वाचल्या तरी कथा अडत नाही.

याचे मोल चंद्रपूर-गडचिरोलीकडे शिकविलेल्यास विशेष कळेल. सिरोंच्याकडे तेलुगू, भामरागडास माडिया, मुलचेऱ्यास बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी. आणि पुस्तक मराठी! काऊ-चिऊची गोष्ट सांगू लागावे, तो निम्मी मुले मास्तरांच्या तोंडाकडे नुसती पाहत बसतात. ती मंद नसतात. शब्द परके असतात. त्यांस ‘ढ’ म्हणणाऱ्या गुरुजींनी आठ दिवस माडियातून धडे घेऊन पाहावेत.

‘कालियामर्दना’चा बराच भाग सुदैवाने शिल्लक आहे. तो अशा शाळांतून अवश्य दाखवावा. माडिया मुलांस कृष्ण ठाऊक असेलच असे नाही. परंतु डोह, नाग आणि खोडकर पोर ही त्यांस कोणी समजावून द्यावयास नकोत. पुढे एखाद्या माडिया आजीची कथाही कोणी अशीच चित्रित करावी. ती आमच्या नातवंडांसही समजेल.