भीक मागणारी मुले आणि कसबाचे शिक्षण

नवरात्रात तुळजापूरला गेलेल्या प्रत्येकाने ती मुले पाहिली असतील. मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बसस्थानकाच्या आवारात ती येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे हात पसरीत उभी असतात. येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. परडी घेऊन जोगवा मागणे हा आई भवानीच्या भक्तांचा आचार आहे. त्यास भीक म्हणणे अन्यायाचे होईल. आपला प्रश्न आहे तो, ज्याचे रोजचे जेवणच त्या पसरलेल्या हातावर अवलंबून आहे, अशा मुलाचा. त्याला पाहून आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतात, ‘ह्यांना एखादा धंदा का शिकवीत नाहीत?’ सूचना रास्त आहे. परंतु धाराशिवसारख्या (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात ती अमलात आणताना काय काय आड येते, हे आपणा सर्वांस ठाऊक असावे.

प्रथम वयाचे पाहू. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून चौदा वर्षांखालील मुलास, घरच्या व्यवसायात शाळेनंतर हातभार लावण्यासारखे अपवाद सोडल्यास, कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. चौदा ते अठरा वयातील मुलांना धोक्याची कामे वर्ज्य आहेत. म्हणजे दहा वर्षांच्या पोराला ‘शिकेल बिचारा’ म्हणून गॅरेजमध्ये चिकटवणे हा गुन्हाच ठरतो, हेतू कितीही चांगला असो. त्याची जागा शाळेत आहे.

चौदाव्या वर्षी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे, म्हणजे आयटीआयचे, दार उघडते. बहुतेक अभ्यासक्रमांस दहावी लागते. वेल्डर, वायरमन, शिवणकाम अशा थोड्या अभ्यासक्रमांना आठवी पुरते. शाळा कधीच न पाहिलेल्या मुलास ही आठवीही डोंगराएवढी असते. मुक्त विद्यालयाच्या परीक्षेने ती गाठता येते, पण त्यासाठी कोणीतरी रोज त्याच्याजवळ बसावे लागते.

कागदपत्रांची अडचण याहून चिवट. जन्माची नोंद नसेल, तर वय ठरविण्यास शेवटी वैद्यकीय तपासणीचाच आधार उरतो. जातीच्या दाखल्याचे तर विचारूच नये. भटक्या-विमुक्तांच्या दाखल्यासाठी १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांचे आजे-पणजे पालावर राहिले आणि गावोगाव हिंडले, त्यांनी वास्तव्याचा पुरावा आणावा कोठून? १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांची पोरे आजही संशयाच्या नजरा झेलतात. तो कायदा १९५२ साली गेला. संशय मात्र राहिला.

याच जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे पारधी व इतर भटक्या-विमुक्त समाजांतील मुलांसाठी निवासी शाळा चालते. तिच्या उभारणीत गिरीश प्रभुणे यांचा मोठा वाटा आहे. पुढे चिंचवडच्या गुरुकुलात त्यांनी अभ्यासाला हस्तकौशल्याची जोड दिली. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कार्य आपल्या परिवारातील नसले तरी त्यापासून शिकण्यात संकोच कसला? मूल आधी निवाऱ्यात स्थिरावते, मग अक्षरे, मग कसब, हा क्रम तेथे दिसतो.

आणि पैसा? भीक रोज संध्याकाळी हाती पडते. शिकाऊ मुलाला महिनोन्महिने काही मिळत नाही. घरचे त्याला परत रस्त्यावर पाठवतात ते बहुधा याचमुळे. ही अडचण संत जॉन बॉस्को यांनी ट्युरिन शहरात ओळखली होती. फेब्रुवारी १८५२ मध्ये त्यांनी एका सुतारकाम शिकणाऱ्या मुलासाठी लेखी करार केला. त्यात मालकाने धंदा पूर्ण शिकवावा, धंद्याबाहेरची कामे सांगू नयेत, मारू नये, सणाची सुट्टी द्यावी, आणि रोजची मजुरी टप्प्याटप्प्याने वाढवावी, असे ठरले. त्यावर मालक, मुलगा, त्याचे वडील आणि स्वतः डॉन बॉस्को यांच्या सह्या होत्या. १८५३ पासून त्यांनी चांभारकाम व शिवणकामाचे स्वतःचे वर्ग काढले. पुढे पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई आली. आपल्याकडे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात करार आणि विद्यावेतन दोन्ही आहेत, परंतु रस्त्यावरच्या मुलापर्यंत हा कायदा सहसा पोहोचत नाही.

एखादे मूल भीक मागताना आढळल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे. हा दूरध्वनी विनामूल्य आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे असे मूल आरोपी नसून काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल आहे, आणि त्यास चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे नेले जाते. मुलांकडून भीक मागवून घेणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपये दंड होऊ शकतो. बालगृहातील मुलाचे अठरावे वर्ष संपले की तेथील छत्र जाते, पण त्याच कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंतच्या अनुरक्षणाची तरतूद आहे. आपल्या धर्मग्रामांत गवंडी, वेल्डर, शिंपी, बेकरीवाले आहेत. अशा एका तरुणास शिकाऊ म्हणून, लेखी करार व विद्यावेतन देऊन, ठेवण्याची ज्यांची तयारी असेल, त्यांनी आपल्या धर्मगुरूंकडे नाव द्यावे.