कामाचा हक्क आणि काम नाकारण्याचा हक्क

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारा रस्ता सावनेर ओलांडतो आणि पुढे सौंसर तहसिलीत शिरतो. दोन्हीकडे तीच कपाशीची काळी माती, त्याच संत्र्याच्या बागा, आणि मजुराच्या तोंडची मराठीही तीच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर जिल्हा जुन्या मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. छिंदवाडा जिल्हा आणि त्यातील सौंसर मात्र मध्यप्रदेशातच राहिले. २०२३ साली निराळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात सौंसरचा समावेश झाला. या सीमेची चर्चा बहुधा भाषेच्या अंगाने होते. परंतु तिने मजुराचा हक्कही विभागला होता. २६ जानेवारी १९७९ पासून सावनेरकडील खेड्यातला मजूर कायद्याने सरकारपाशी काम मागू शकत होता. सौंसरच्या मजुराला तसा हक्क मिळण्यास आणखी जवळजवळ तीन दशके लागली.

कामाचा हक्क म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी ज्या देशाने तो प्रथम मोठ्या प्रमाणावर पुकारला त्या सोव्हिएत रशियाकडे पाहिले पाहिजे. तेथे १९३० साली बेकारी संपल्याचे जाहीर झाले आणि बेकारांचा भत्ता बंद करण्यात आला. १९३६ च्या राज्यघटनेच्या ११८ व्या कलमाने प्रत्येक नागरिकास कामाची व कामाच्या मोबदल्याची हमी दिली. ही हमी केवळ शोभेची नव्हती. कारखाने खरोखरच माणसे मागत होते. स्त्रिया फार मोठ्या संख्येने कामावर आल्या, आणि पुष्कळ ठिकाणी नोकरीबरोबर घर, पाळणाघर व निवृत्तिवेतनही मिळे.

कारखान्यांना माणसे सदैव अपुरी का पडत, याचे कारण नियोजनाच्या रचनेतच होते. व्यवस्थापकाची परीक्षा नफ्यावर होत नसे. वरून ठरवून दिलेले उत्पादन पुरे झाले की नाही, एवढेच पाहिले जाई. कच्चा माल उशिरा आला तर महिन्याच्या अखेरीस एकदम धावपळ करावी लागे, म्हणून जादा माणसे हाताशी ठेवणेच शहाणपणाचे ठरे. तोटा आला तर तो सरकार भरून काढी. हंगेरीचे अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाई यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या टंचाईच्या अर्थव्यवस्थेची मीमांसा केली. दारात बेकार उभा नाही, पण कारखान्याच्या आत अर्धे हात रिकामे, असे हे चित्र होते. १९६७ साली श्चेकिनो येथील रासायनिक कारखान्यात कमी माणसांत अधिक उत्पादन काढण्याचा व वाचलेल्या वेतनाचा काही भाग उरलेल्यांना देण्याचा प्रयोग झाला, तो याच दुखण्यावर उपाय म्हणून.

परंतु या हक्काला दुसरी बाजू होती. त्याच राज्यघटनेने काम हे कर्तव्यही ठरविले होते. जून १९४० च्या फर्मानान्वये परवानगीवाचून नोकरी सोडणारास दोन ते चार महिन्यांचा तुरुंगवास होता. हे निर्बंध १९५६ साली उठले आणि कामगार मोठ्या संख्येने नोकऱ्या बदलू लागले. तेव्हा दूरच्या थंड प्रदेशात माणसे नेण्यासाठी सरकारलाही जादा वेतनाचे आमिष दाखवावे लागले. मजुरांचा बाजार नाहीसा झाला नव्हता, तो केवळ झाकला गेला होता. सामुदायिक शेतीवरील शेतकऱ्याला तर १९७० नंतरच्या दशकापर्यंत अंतर्गत पारपत्रच सहसा मिळत नसे, आणि त्यावाचून गाव सोडून शहरात स्थायिक होणे कठीण होते. १९६१ च्या फर्मानाने काम न करणारा ‘परोपजीवी’ ठरून हद्दपारीच्या शिक्षेस पात्र झाला. कवी जोसेफ ब्रॉडस्की यांच्यावर १९६४ साली असाच खटला झाला. बेकारी नाहीच असे एकदा ठरले, म्हणजे बेकार माणसाला तक्रारदार म्हणून उभे राहण्यास जागा उरत नाही. तो अपराधी ठरतो.

महाराष्ट्राने निराळी वाट धरली. आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे. परंतु तो मार्गदर्शक तत्त्व म्हणून आहे, न्यायालयात मागता येण्याजोगा नाही. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात एक लहानसा प्रयोग झाला, त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात तिची खरी निकड पटली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे राबत होती. पुढे १९७७ चा कायदा झाला. खर्चासाठी शहरातील नोकरदारांवर व्यवसाय कर बसविण्यात आला, म्हणजे मुंबईच्या पगारातून खेड्यातली मजुरी निघू लागली.

या कायद्याचे मर्म त्याच्या साध्या व्यवहारात आहे. मजुराने अर्ज करावयाचा. १५ दिवसांत काम द्यावयाचे. न दिल्यास भत्ता द्यावयाचा. काम नाकारले तर भत्ता बुडे, पण तुरुंगाची वाट धरावी लागत नसे. शेतमालक बरी मजुरी देऊ लागला तर मजूर तिकडे जाण्यास मोकळा होता. दोषही थोडे नव्हते. काम सुरू करण्यास साधारणतः ५० मजुरांची अट होती, आणि भत्ता क्वचितच मजुराच्या हाती पडे. १९८८ साली योजनेची मजुरी दुप्पट झाल्यावर रोजगार वाढण्याऐवजी घटला, आणि नवी कामे काढण्यातच हात आखडला गेल्याचे अभ्यासकांना आढळले. हमी कायद्यात अखंड राहिली आणि व्यवहारात तिची शिधावाटप झाली.

सौंसरकडे त्या काळात सरकारी कामे निघत नव्हती असे नाही. १९८९ ची जवाहर रोजगार योजना देशभर होती. पण निधी आला तर काम निघे, संपला की थांबे. मजुराला मागणीचा अधिकार नव्हता. २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला आणि १ एप्रिल २००८ पर्यंत तो देशातील सर्व ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाला. त्याने ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. सीमेच्या दोन्ही बाजूंचा मजूर तेव्हा प्रथमच एका कायद्याखाली आला.

तात्पर्य, कामाच्या हक्काची परीक्षा किती लोक कामावर आहेत एवढ्यावरून होत नाही. काम न मिळाल्यास मजुराने कोणाच्या दारी जावे, तेथे त्याला पोच मिळते की नाही, आणि नको असलेले काम त्याला निर्भयपणे सोडता येते की नाही, या तीन प्रश्नांवरून ती होते. मॉस्कोत काम होते, पण ‘नको’ म्हणण्याची मुभा बेताची होती. सौंसरच्या मजुराला ‘नको’ म्हणण्याची मुभा नेहमीच होती, पण कपाशीची वेचणी आणि संत्र्याची तोड आटोपल्यावर रिकाम्या पोटी त्या मुभेचा उपयोग काय? दोन्ही एकत्र आली तरच मजुराच्या हाती हक्क आला असे म्हणता येईल.